हाफटाइमची वाट

क्लिफ हेवर्थ कधी हलला नाही. म्हणजे क्रॅगशॉ टाउनची टीम कुठल्याही दिशेला खेळत असू दे, हा बाबा आपला रेल्वेकडच्या गोलमागे. आणि त्याचा सख्खा भाऊ डेनिस? बरोब्बर उलटा. आपली पोरं ज्या गोलवर चाल करतायत, त्या गोलमागे डेनिस.

आता डेनिसचं सोडा, अख्खं क्रॅगशॉच तसं करतं. पहिला हाफ कालव्याकडच्या गोलमागे. शिट्टी वाजली रे वाजली, की चिप्सचे पुडे हातात घेऊन सगळी वरात लाकडी स्टँडमागच्या गल्लीतून निघते रेल्वेकडे, कारण दुसऱ्या हाफला गोल तिथे व्हायचे असतात. समोरून पाहुण्या टीमची माणसं उलटी येत असतात. चिखलात सगळे एकमेकांना खेटतात, टोमणे मारतात, पुढे जातात. दुसरी वाटच नाही. मैदानाच्या दुसऱ्या बाजूला जुन्या कापडगिरणीची भिंत अशी चिकटलीय की मधून मांजर जायचं नाही.

थोडक्यात काय, पहिला हाफभर क्लिफ पाहुण्या टीमच्या लोकांत एकटा उभा राहून त्यांना शिव्या घालतो, आणि दुसऱ्या हाफला डेनिस त्याच्या शेजारी येऊन उभा राहतो.

आणि गंमत ऐका, हे दोघं एरवी बोलत नाहीत! कित्येक वर्षं नाही. वडील गेले तेव्हा त्यांची शर्यतीची कबुतरं क्लिफने डेनिसला न विचारता विकून टाकली. झालं! तेव्हापासून ना नाताळचं जेवण, ना आजारपणात चौकशी. रस्त्यात दिसले तर एक जण फुटपाथ बदलणार. पण दुसऱ्या हाफला खांद्याला खांदा. क्लिफच्या फ्लास्कमधलं बोव्हरिलचं कढत सूप दोन कपांत ओतलं जाणार. मॅचमधलं बोलणं हे बोलणं धरायचंच नाही, असं काहीतरी दोघांनी न ठरवता ठरवलेलं.

डेनिसची मुलगी टेसा. बाजारात केस कापायचं दुकान आहे तिचं, तोंड तिखट, म्हणूनच लोकांनी तिला क्लबच्या मालकाशी बोलायला आपल्यातर्फे निवडलं. बाबा आणि काकांच्या मध्ये एवढा एकच धागा उरलाय हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तुटला तर पुन्हा गाठ मारता येणार नाही, हेही.

मालक म्हणजे बर्नार्ड सगडन. गावाबाहेर नळांचा कारखाना त्याचा, पण सुरुवात दारोदार पाइप दुरुस्त करण्यापासून. त्याच्या आधीचा मालक हेलिकॉप्टरने थेट मैदानाच्या मधोमध उतरला होता. तीस हजारांचं स्टेडियम बांधतो म्हणाला, वर सरकतं छप्पर! गवत तेवढं उडालं. जाताना क्लबच्या स्वयंपाकघरातली किटलीसुद्धा घेऊन गेला पठ्ठ्या. त्यामुळे सगडन पहिल्यांदा क्लबच्या हॉलमध्ये उभा राहिला तेव्हा लोक हाताची घडी घालून बसले होते.

सगडन म्हणाला, "आधी काय देणार नाही ते सांगतो. वरच्या लीगचं वचन नाही. मोठा खेळाडू नाही. हेलिकॉप्टर तर मला परवडतच नाही."

"मग आलास कशाला?" मागून कुणीतरी ओरडलं.

"नवा स्टँड बांधायला. त्यातल्या खुर्च्यांवर छप्पर, रेल्वेकडे उभं राहणाऱ्यांच्या डोक्यावर छप्पर, आणि बायकांना पुरेसे संडास. पुढच्या वर्षी मी नसलो तरी हे तुमच्याकडे राहील. मालक येतो-जातो हो, भिंती राहतात."

"ए नळवाल्या, गरम पाणी येणार का?"

"येणार! नाही आलं तर मला त्याच गार पाण्यात बुडवा."

हॉल हसला. आणि बघा, त्या हसण्यातच माणूस जिंकला. त्याने सगळ्यांना विचारलं, काय काय हवं ते सांगा. लोकांनी सांगितलं. छप्पर सगळ्यात पहिलं क्लिफने मागितलं. त्याची छाती भरते थंडीत, खोकत खोकत मॅच बघतो तो.

मग काही महिन्यांनी आराखडा तयार झाला, टेबलावर पुठ्ठ्याचं छोटं स्टेडियम मांडलं. काय देखणं! इवल्या लाल खुर्च्या, इवली माणसं, एकाच्या गळ्यात इवला मफलर. बायका संडास मोजत होत्या, पुरुष छपराला हात लावून बघत होते. टेसाही वाकली. नेहमीच्या सवयीने तिने बोट कालव्याकडच्या गोलमागे ठेवलं आणि स्टँडमागून पुढे नेलं. कोपऱ्यात बोट अडलं.

तिथे भिंत होती. भिंतीमागे काचेच्या छान छान खोल्या, आत बसून मॅच बघायला कंपन्यांना भाड्याने द्यायच्या.

टेसाने विचारलं, "हाफटाइमला आम्ही कुठून जायचं?"

आराखडा काढणारा तरुण लंडनहून आलेला, भला पोरगा. "जायचं? कुठे जायचं?" म्हणाला.

एकेकाने वाकून कोपरा बघितला. कुणी डोकं खाजवलं, कुणी "अरे देवा" म्हटलं. इतक्या लोकांनी इतकं काय काय मागितलं होतं, गरम चिप्सपासून कोट अडकवायच्या खुंटीपर्यंत, पण गल्ली कुणी मागितलीच नव्हती!

सगडन जरा वैतागलाच. "कुणी एक शब्द तरी बोलायचा होता!"

डेनिस कधी सभेत बोलत नाही. तो मागून म्हणाला, "श्वास घेऊ द्या, असं कुणी मागून घेतं का?"

सगडनने चेहरा चोळला. "हे बघा, त्या खोल्यांच्या भाड्यावर बाकीचं उभं राहतंय. कोपरा उघडायचा तर दुसरं काहीतरी जाणार. मी खोटं नाही बोलणार तुमच्याशी."

आता लोक टेसावरच घसरले. "झालं! एक धड मालक मिळाला होता, त्यालाही पळव!" "चालायची एवढी हौस असेल तर डोंगरावर जा की गं!" टेसाचे कान लाल झाले. छप्पर तिलाही हवं होतं, काकांसाठीच. पण बाबा कालव्याकडे आणि काका रेल्वेकडे, मधे काच, हे चित्र तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

तेवढ्यात सगडनच म्हणाला, "ए पोरी, शनिवारी मी तुमच्यात उभा राहतो. दाखव काय ते."

आणि आला की तो! मालकांची गादीची खुर्ची सोडून, जुनी टोपी घालून, कालव्याकडच्या गोलमागे, डेनिसच्या शेजारी. मॅच हॉलिनडेलशी होती, म्हणजे शेजारच्या दरीतले आमचे जन्माचे वैरी. पहिला हाफ गोलशून्य, बघवत नव्हता. शिट्टी झाली, वरात निघाली. गल्लीत हॉलिनडेलवाले समोरून आले. त्यांच्यातला एक ढेरपोट्या ओरडला, "काय रे विणकरांनो! गोल विणायचं विसरलात का?"

गिरणीचं गाव म्हणून आमच्या टीमला सगळे विणकर म्हणतात. डेनिस म्हणाला, "तुमच्या गोलकीपरसाठी गोधडी विणतोय! उभ्या उभ्या झोपलाय बिचारा!"

ढेरपोट्या खो खो हसला, डेनिसच्या पाठीत एक थाप मारली आणि पुढे गेला. त्याने सगडनलाही धक्का दिला. "सरक रे टोपीवाल्या!" सगडन सरकला. लहान मुलासारखा हसत होता तो.

रेल्वेकडे पोचले तर क्लिफ एकटा उभा, पाठमोरा. वळूनसुद्धा न बघता त्याने फ्लास्क उघडला आणि दुसरा कप भरला. डेनिसने घेतला.

"बघितलंस तो पास?" क्लिफ.

"त्याला पास म्हणतात? आपली आजी बरी मारायची."

"आजीचा डावा पाय चांगला होता."

बस, मग दोघं मॅचमध्ये बुडाले. टेसाने सगडनला हळूच कबुतरांचं सांगितलं. सगळं सांगितलं. सगडन बराच वेळ त्या दोन पाठींकडे बघत राहिला. खेळाकडे त्याचं लक्षच नव्हतं.

"आयुष्यभर पाइप जोडले मी," तो म्हणाला. "वाहतं अडवलं की कुठेतरी फुटतं. कोपरा उघडतो."

टेसा त्याला मिठीच मारणार होती.

"थांब. खोल्या निम्म्या होणार. मग रेल्वेकडचं छप्पर यंदा होत नाही. पुढेमागे जमेल तेव्हा करीन, तारीख देत नाही. आणि हे मी इथल्या लोकांवर लादणार नाही. ते नाही म्हणाले तर भिंत राहील. तू विचार."

विचार म्हणे! रेल्वेकडे उभे राहणारे ऐकतात एकाच माणसाचं, आणि त्या माणसाने छप्पर सगळ्यात आधी मागितलेलं.

रविवारी सकाळी टेसा काकांच्या दारात. क्लिफ मागच्या अंगणात कोबीला माती लावत होता, मधूनच खोकत होता. तिने एका दमात सगळं सांगितलं, कारण थांबली असती तर बोलताच आलं नसतं.

"म्हणजे मी भिजायचं," क्लिफ म्हणाला.

"हो काका."

"आणि ह्या छातीचं काय?"

"नाही म्हणा. तुम्ही नाही म्हणालात तर मी कुणाला काही बोलणार नाही. बाबांनासुद्धा नाही."

क्लिफने हातावरची माती झटकली. मग त्याने कोबीकडे बघतच विचारलं, जणू कोबीच उत्तर देणार होता.

"तो नळवाला स्वतः आला होता म्हणे गल्लीतून?"

"आला होता. धक्केही खाल्ले."

"हं." मग पुन्हा खोकला. "माझा फ्लास्क मोठा आहे गं, टेस. एकट्याला संपत नाही."

एवढंच. पुढच्या मॅचला क्लिफने रेल्वेकडच्या लोकांना काय सांगितलं देव जाणे, पण एकानेही कुरकुर केली नाही. एक म्हातारा तेवढा म्हणाला, "भिजून मेलेला विणकर अजून जन्मायचाय."

नवा स्टँड झाला! लाल खुर्च्या, खुंट्या, संडासांत कढत पाणी. आणि कोपऱ्यात भिंतीच्या जागी रुंद वाट. सगडनने तिथे स्वतःचं नाव लावलं नाही, पाटीसुद्धा नाही. तसा तो धूर्तच म्हणा, निम्म्या उरलेल्या खोल्या त्याने दीडपट भाड्याने दिल्या. पण उद्घाटनाच्या मॅचला तो गादीच्या खुर्चीत नव्हता. इथलं छप्पर होईपर्यंत मीही इथेच, म्हणाला, आणि रेल्वेकडे उघड्यावर येऊन उभा राहिला. पाऊस तर असा आडवा येत होता की विचारू नका.

हाफटाइमला वरात आली. टेसा आली, सगळे आले. डेनिस आला नाही.

त्याचे गुडघे अलीकडे कुरकुरतात. टेसाला वाटलं मागे असेल. पोरं मैदानात उतरली, दुसरा हाफ सुरू झाला, तरी डेनिस नाही. क्लिफच्या हातात भरलेला कप, त्यात पावसाचं पाणी पडतंय, आणि क्लिफ खेळाकडे बघत नव्हता. कोपऱ्याकडे बघत होता.

टेसा म्हणाली, "मी बघून येते, काका."

"तू थांब."

आणि क्लिफ हेवर्थ हलला! खरंच सांगतो, लोकांनी खेळ सोडून त्याच्याकडे बघितलं. कप हाताने झाकत, खोकत, गर्दी बाजूला सारत तो थेट कोपऱ्याच्या तोंडाशी गेला. तिथे डेनिस कठड्याला धरून सावकाश येत होता.

"कुठे मेला होतास?"

"हात धुवत होतो. काय गरम पाणी येतं रे!"

"लागलास नळवाल्याच्या नादी." क्लिफने कप पुढे केला आणि दुसऱ्या हाताने भावाचं कोपर धरलं. "चल. सावकाश चल."

नेमका तेव्हाच गोल झाला. क्रॅगशॉचा! नव्या स्टँडसमोरचा पहिला गोल, वीस यार्डांवरून, जाळी फाटायची बाकी होती. सगळं मैदान उसळलं, सगडन कुणा अनोळखी माणसाच्या गळ्यात पडला. आणि हेवर्थ बंधू कोपऱ्यात, मैदानाकडे पाठ करून.

"तुझ्यामुळे चुकला!" क्लिफ ओरडला.

"माझ्यामुळे? तुला कुणी बोलावलं होतं जागा सोडून?"

दुसरा हाफभर भांडले. मॅच संपली तरी भांडत होते. फाटकाबाहेर पडले तरी चालूच. क्लिफचा रस्ता डावीकडे, डेनिसचा उजवीकडे, आणि दोघंही भांडता भांडता उजवीकडे वळले. टेसा मागून चालत राहिली. डेनिसचं दार आलं, तेव्हा डेनिस म्हणाला, "आत येऊन बोल, भिजतोयस."