पेटीतली कानबाई

खंडेनवमीला आमच्या कळसाडीत औजारांना सुट्टी. ट्रॅक्टर, मोटर, विळे, सगळं बंद ठेवून धुवायचं, पुजायचं. पण आमचे हे, नवनीतराव, एकदा पूजेला बसले की कशाला सोडत नाहीत! वायफायला जोडलेली, फोटो-गाणी साठवायची डिस्कची पेटीही त्यांनी झटक्यात प्लगमधून उपटली, हळदकुंकू लावून वर झेंडू वाहिला.

मी किंचाळलेच.

"काय चुकनं मन्हं? बठ्ठं बंद करं, मंग हाई कशी चालू ठेवू?"

"तुमना ट्रॅक्टर लिखस का काही? ती पेटी गाना लिखी ऱ्हायनी व्हती!"

श्रावणात घरी कानबाई देवी बसली तेव्हा माझ्या सासूबाईंनी, म्हणजे तापीबाई आईंनी म्हटलेली गाणी मी मोबाइलमधून पेटीत हलवत होते. त्यानंतर घशाचं ऑपरेशन झालं आणि आईंचा आवाज कायमचा गेला. हलवताना गाणी मोबाइलमधून पुसली गेली होती, त्यामुळे आता तिथेही काही उरलं नव्हतं. पेटी पुन्हा चालू केली, तर डिस्क उघडेना. मला रागही आला होता, आणि रडूही येत होतं.

पण लोणखेड्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅब मी काय उगाच सांभाळते? डिस्क काढून लॅपटॉपला लावली. आधी जशीच्या तशी नक्कल, दुरुस्ती फक्त नकलेवर. कुठे काय ठेवलंय हे सांगणारा पहिला भागच बिघडला होता. मात्र अशा डिस्कवर त्याच्या जादा प्रती पुढे ठेवलेल्या असतात! दुरुस्तीच्या प्रोग्रामला एक प्रत दिली, चालली नाही. दुसरी दिली आणि पडद्यावर ओळींमागून ओळी धावू लागल्या. नवनीतराव पडद्याशी येऊन वाकले.

गाणी सापडली! नावं उडालेली, नुसते आकडे. एकावर क्लिक केलं. आधी खोकला, मग आईंचा खणखणीत आवाज घरभर! मी उडीच मारली. ह्यांनी डोळे पुसले आणि हात जोडून ते पेटीकडे निघाले.

"हात नका लावा तिले!"

आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून धावत आल्या. माझ्याशेजारी बसून त्यांनी डोळे मिटून गाणं संपेपर्यंत ऐकलं. मग लॅपटॉप बंद केला आणि माझ्या गळ्यावर बोट ठेवलं.

"मी? आई, मन्हा आवाज..."

त्यांनी माझ्या मांडीवर ठेका धरला. मी तेच गाणं सुरू केलं. पहिल्याच ओळीला ठेका चुकला आणि मांडीवर चापट बसली. आई तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि मी पुन्हा पहिल्यापासून गायला लागले.