सुरांचं अर्थिंग

बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या आमच्या अक्काच्या दिवाणखान्यात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. सोफ्यावर, फरशीवर, स्वयंपाकघराच्या दारात माणसं डोळे मिटून बसली होती. बहुतेक कंप्युटर कंपन्यांतली, चांगली शिकलेली. स्पीकरमधून सतार सुरू झाली आणि हर्ष नावाचा इंजिनिअर अक्षरशः रडवेला झाला.

"आता प्रत्येक तार वेगळी दिसतेय मला!"

समोर घरोघरची वीज 'शुद्ध' करून देणारा श्रीवत्स उभा होता. पांढरा कुर्ता, हातात रिमोट, चेहऱ्यावर साऱ्या जगाची कीव.

"मघाशी ऐकलंत ती जुन्या वायरिंगची वीज. दमलेली! शेजाऱ्यांचे मिक्सर, लिफ्ट, गीझर, सगळ्यांचा मळ घेऊन येणारी. आता ही वीज शुद्ध भूमीला टेकलीय."

वीज दमते हे मला नवीनच होतं. पण माझे मेहुणे प्राणेशभावजी भारावून गेले होते. मेन बोर्डापासून अँप्लिफायरपर्यंत जाड नवी वायर, बागेत ठोकलेला तांब्याचा रॉड, सारं त्यांनी मला कौतुकानं दाखवलं. घराच्या अर्थिंगची हिरवी तार श्रीवत्सनं त्या सॉकेटपासून कापली होती. विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा ईएलसीबी त्या लाइनवरून काढून टाकला होता. का, तर तो सुरांचा गळा आवळतो!

माझी भाची मनस्विनी कॉलेजात फिजिक्स शिकवते. ती न राहवून म्हणाली, "अप्पा, तो स्विच माणसाला वाचवायला असतो. आणि बागेतल्या कोरड्या मातीतून पुरेशी वीज जाणारच नाही. काही बिघडलं तर फ्यूजही उडणार नाही."

"तू पुस्तकं वाच. मी कानांनी ऐकतोय," भावजी तुटकपणे म्हणाले.

श्रीवत्स हसला. "मुलीचे कान अजून उघडायचेत. स्वल्प वेळ लागेल." सगळे हसले.

त्याच आठवड्यात एका दुपारी वसुमतीअक्का नुकत्याच पुसलेल्या फरशीवर अनवाणी उभी राहून ओल्या फडक्यानं अँप्लिफायर पुसत होती. आत एका वायरचं आवरण झिजून ती धातूच्या खोक्याला टेकली होती. अक्काचा हात खोक्याला चिकटला तो सुटेना. मनस्विनीनं धावत जाऊन मेन बंद केला. अक्का वाचली, पण उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. अक्का पेटी शिकवायची. त्या घरात खरं संगीत कुणाच्या हातात असेल तर तिच्या.

ती इस्पितळातून घरी आल्यावर श्रीवत्स भेटायला आला. सोबत हर्ष आणि त्या रविवारची काही मंडळी. सहानुभूतीचे चार शब्द बोलून तो म्हणाला, "घरातल्या कुणाच्या तरी मनात विरोध होता. भूमी असा विरोध खपवून घेत नाही."

मनस्विनी पांढरीफटक पडली. मग म्हणाली, "सरी, ठीक आहे. सगळे बसा. फक्त रिमोट आज माझ्या हातात राहील."

अँप्लिफायर दुरुस्त होऊन आला होता. तिनं त्यावर पडदा टाकला आणि सतार लावली. "ही घराची साधी लाइन." मग पडद्यामागे काहीतरी खुडबुड केली, पुन्हा तीच सतार. "आणि ही शुद्ध भूमी. कोणती चांगली?"

"दुसरी!" हर्ष लगेच म्हणाला. "दुसरीत जीव आहे." बाकीच्यांनी माना डोलावल्या. भावजींनीसुद्धा.

मनस्विनीनं पडदा ओढला. "रॉड मी कालच उपटलाय. ती वायरही काढली, कापलेली हिरवी तार पुन्हा जोडून घेतली. दोन्ही वेळा एकच सॉकेट, घराचंच अर्थिंग. दुसऱ्या वेळी मी फक्त आवाज किंचित वाढवला. त्या रविवारी श्रीवत्स यांनीही तेच केलं होतं, यांचा अंगठा मी तेव्हाच पाहिला होता. वाढवल्याचं कळतसुद्धा नाही इतकाच आवाज वाढवला, की तो कानाला भरीव वाटतो, जवळचा वाटतो. तुमचा, माझा, सगळ्यांचाच कान असा फसतो."

"तुमचं मशीनच सदोष होतं," श्रीवत्स उठत पुटपुटला.

"मशीन बिघडतं म्हणूनच अर्थिंग असतं!" ती ओरडली. "तुम्ही ते कापलंत!"

आतल्या खोलीतून अक्काचा क्षीण आवाज आला. "मला तर त्या रविवारीही फरक कळला नव्हता गं. पण इतकी माणसं हो म्हणत होती."

भावजी भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांच्याकडे बघवत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बघावंसंही वाटत नव्हतं.

पोलिसांत तक्रार केली आहे. तरी परवा कोरमंगलात श्रीवत्सची नवी बैठक भरली, आणि त्या गर्दीत हर्षही होता.

संगीत जरूर ऐका. पण वीज शुद्ध करतो म्हणणाऱ्याला आधी रिमोट खाली ठेवायला सांगा. काय बदललं ते न सांगता, आवाज सारखा ठेवून फरक ओळखायला लावा. आणि घरातली ती हिरवी तार कुणालाही कापू देऊ नका. फसलेला कान सुधारता येतो. बोटं पुन्हा उगवत नाहीत.