शुक्रवारपर्यंत नापास

नापास होणं किती अवघड असतं हे धाकटीला तोंडी परीक्षेच्या सकाळी कळलं. आजवर ती नुसती पास होत आली होती. नापास व्हायचा तिला काडीचाही सराव नव्हता.

निघताना बाबांनी पाठीवर हात ठेवला. "घाबरू नकोस. जे येतं ते विसर."

"आणि त्यांनी सोपं विचारलं तर?"

"पाणी माग. मी खात्याच्या परीक्षेत तीनदा पाणी मागितलं होतं. तिन्ही वेळा नापास."

बाबा पोस्टमन होते आणि शुक्रवारी निवृत्त होणार होते. सगळी नोकरी एकाच भागात पत्रं वाटण्यात गेल्यामुळे तिथला एकही कुत्रा त्यांना परका राहिला नव्हता. कोणता नुसता भुंकतो, कोणता कोपऱ्यापर्यंत पोचवायला येतो, कोणता आधी शेपूट हलवतो आणि मग पोटरी धरतो, हे सगळं त्यांना पाठ होतं. काही नोंदी तर पोटरीवरच होत्या. त्यांच्या जागी एक नवी पोरगी येणार होती. सध्या बाबांबरोबर फिरून शिकत होती. हुशार होती, पण कुत्रा दिसला की पत्रांची पिशवी टाकून पळायची, आणि मग लोकांची पत्रं कुत्रे वाचायचे. तिच्यासाठी बाबांना टपाल कार्यालयाच्या भिंतीवर कुत्र्यांचा नकाशा लावून जायचं होतं. शुक्रवारी सकाळी दहाला, निरोपाच्या वेळी. निवृत्त होणाऱ्याला सगळे घड्याळ देतात. बाबांना उलट आपणच काहीतरी द्यायचं होतं.

धाकटी ग्राफिक डिझाइन शिकत होती, म्हणजे नकाशा तिच्या गळ्यात. हिरवं टिंब म्हणजे भुंकतो, पिवळं म्हणजे मागे लागतो, लाल म्हणजे चावतो. इथवर सगळं सरळ होतं. घोळ होता तो सॉफ्टवेअरचा.

पूर्ण आवृत्तीच्या पैशांत स्कूटर आली असती. विद्यार्थ्यांची सवलतीची आवृत्ती स्कूटरच्या आरशाच्या किमतीत मिळाली. पण आरशावर बसून कुठं जाता येत नाही. मोठा कागद त्या आवृत्तीला झेपत नसे, म्हणून नकाशा वहीच्या पानाएवढ्या तुकड्यांत काढायचा आणि मग चिकटवायचा. तुकडेही दिवसाला तीनच स्वच्छ मिळत. चौथ्यापासून प्रत्येक पानावर आडवा राखाडी शिक्का येई, 'केवळ अभ्यासासाठी'. "म्हणजे कुत्रा चावला तर तोही अभ्यासासाठीच समजायचा का?" असं बाबांनी विचारलं होतं. सवलतीच्या आवृत्तीत केलेलं काम पूर्ण आवृत्तीत उघडतच नसे, त्यामुळे कुणाकडे उसनं मागायचीही सोय नव्हती. आणि कळस म्हणजे शेवटची अट. कॉलेजनं 'उत्तीर्ण' अशी नोंद केली की त्याच मिनिटाला आवृत्ती बंद. विद्यार्थी संपला, सवलत संपली.

नऊ तुकडे राहिले होते. आज मंगळवार. आज तीन, उद्या तीन, परवा तीन, एवढाच हिशेब होता आणि त्यात शिंकायलाही जागा नव्हती. ती आज पास झाली असती तर बाबांच्या भागाची पूर्वेकडची बाजू कुत्र्यांविना राहिली असती. कागदावर. प्रत्यक्षात कुत्रे जिथल्या तिथे राहणार, हीच तर पंचाईत होती. गैरहजर राहावं, तर गैरहजरांचं नाव पटावरून उडायचं आणि नावाबरोबर सवलतही. नापासांना मात्र पुढच्या महिन्यात फेरपरीक्षा होती. तोवर विद्यार्थीपण शाबूत.

थोडक्यात, नापास होण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

परीक्षक बाहेरून आले होते. मुलं त्यांना 'कात्री' म्हणत, कारण मागच्या वर्षी त्यांनी अर्धा वर्ग कापला होता. धाकटीची सगळी भिस्त त्यांच्यावर होती. त्यांच्या शेजारी तिला शिकवणाऱ्या मॅडम बसल्या होत्या, आणि कोपऱ्यात क्लार्क. परीक्षकांनी गुण सांगितले की तो तिथल्या तिथे नोंदवायचा. त्याचं बोट बटणावर होतं. धाकटीनं त्या बोटाकडे पाहिलं.

लॅपटॉप पडद्याला जोडला. मागे नकाशाचा आजचा तिसरा तुकडा तयार होत होता. त्याला दोन-दोन तास लागत आणि मध्ये थांबवला तरी तो तिनात मोजला जाऊन वाया जाई, म्हणून तिनं तसाच चालू ठेवला होता. पुढे तिनं परीक्षेचं काम उघडलं. साबणाचं वेष्टन. चांगलं झालेलं वेष्टन तिनं स्वतःच्या हातानं नासवलं होतं. साबणाचं नाव तळाशी, मुंगीच्या अक्षरांत.

कात्री पुढे वाकले.

"नाव कुठंय?"

"खाली, सर. दिसत नाही."

"मुद्दाम?"

"नाही सर. चुकलं."

"चुकलं," कात्री हळूच म्हणाले. "मॅडम, ऐकलंत? आजकाल कोण कबूल करतं? सगळे म्हणतात, ती माझी संकल्पना आहे. गिऱ्हाईक साबण हातात घेणार, उलटा करणार, नाव शोधणार. तोवर विकत घेतलेला असणार. शाबास."

धाकटीला घाम फुटला. "सर, रंगही चुकलेत. डोळ्यांना खुपतात."

"साबण डोळ्यांत गेल्यावर आणखी काय होतं?"

मॅडमचा चेहरा फुलला. क्लार्कचं बोट बटणावर जरा टेकलं.

"अक्षर कोणतं वापरलंत? आणि का?"

"माहीत नाही, सर."

"का माहीत नाही?"

"तेही माहीत नाही. पाणी मिळेल का?"

"द्या हो पाणी," कात्री म्हणाले. "बघा, किती शांत आहे ही. माझ्यासमोर मुलं थरथरतात."

धाकटी थरथरतच होती, फक्त टेबलाखालून. आता एकच उपाय उरला होता. भिंतीवर कॉलेजचं बोधचिन्ह होतं आणि ते कात्रींनीच केलेलं आहे हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक होतं.

"सर, खरं सांगू?" ती म्हणाली. "ते चिन्ह कुणीतरी छत्रीवर बसल्यासारखं दिसतं."

मॅडमनी डोळे मिटले. क्लार्कनं प्रथमच मान वर केली. कात्री उठले, चिन्हाजवळ गेले, मान तिरकी करून पाहिलं आणि खिशातून रुमाल काढला.

"मला कायम वाटायचं, काहीतरी बसलंय," ते भरल्या आवाजात म्हणाले. "पण कशावर, ते कळत नव्हतं. क्लार्कसाहेब, लिहा. प्रथम श्रेणी—"

तेवढ्यात लॅपटॉप 'टिंग' वाजला.

सवलतीच्या आवृत्तीला आणखी एक खोड होती. तुकडा तयार झाला की ती बाकी सगळं बाजूला सारून तो समोर आणायची आणि वर जाहीर करायची, 'आजचे तीनही स्वच्छ तुकडे संपले.' पडद्यावरचं साबणाचं वेष्टन गेलं आणि भिंतभर गल्ल्या पसरल्या. गल्ल्यांत टिंबं.

"हे काय?"

"कुत्रे, सर," धाकटी म्हणाली. लपवायला आता काही उरलं नव्हतं. तिनं एका दमात सांगून टाकलं. बाबा, नवी पोरगी, शुक्रवार, दिवसाला तीन तुकडे. "म्हणून सर, मला नापास करा. आजच्यापुरतं."

कात्रींचं मात्र अर्धंच लक्ष होतं. ते पडद्याच्या अगदी जवळ गेले होते, बोट एका लाल टिंबावर.

"हे निळ्या फाटकाचं घर माझं आहे."

"हो का, सर?"

"हा आमचा भोपळ्या. भोपळ्या चावत नाही!"

"इथं लिहिलंय सर, दोनदा. एकदा मनीऑर्डर देताना आणि एकदा परत जाताना."

"ती त्याची माया आहे! त्याला तोंडानंच माया करता येते, हातांचं त्याला जमत नाही!" कात्रींचा चेहरा भोपळ्याच्या टिंबासारखा झाला. मग त्यांनी दम घेतला आणि आवाज खाली आणला. "हे बघा. तुम्हाला नापास व्हायचंय ना? टिंब हिरवं करा. आत्ता, माझ्यासमोर. मी नापास करतो. नाही केलंत, तर माझ्याशी गाठ आहे. विशेष प्रावीण्यानं पास करीन."

"सर!" मॅडम ओरडल्या. "अशी धमकी?"

हो म्हणावं आणि घरी जाऊन पुन्हा लाल करावं, हे धाकटीच्या मनात आलंच. पण पान पुन्हा काढायचं म्हणजे एक तुकडा वाया, आणि हिशेबात तुकडा शिल्लक नव्हता. तुकड्याचंही जाऊ दे. तिच्या डोळ्यांसमोर ती नवी पोरगी आली, निळं फाटक बिनघोर ढकलणारी, हिरव्या टिंबावर विश्वास ठेवून. क्लार्कचं बोट बटणावर वाट पाहत होतं.

"नाही जमणार, सर."

"काय?"

"त्याचे दात बाबांच्या पोटरीवर आहेत. पोटरी कशी हिरवी करू?"

कात्रींच्या कानशिलाची शीर उडायला लागली. समोर ही मुलगी, मागे भिंतभर भोपळ्याची बदनामी. काय केलं तर हिचं नुकसान होईल याचा हिशेब रागाच्या भरात कुणालाच जमत नाही. कात्रींनाही जमला नाही. राग आला की माणूस सवयीचंच करतो.

"उद्धट! नापास!" ते गरजले. "शून्य! लिहा, शून्य!"

"नक्की ना, सर?" क्लार्कनं विचारलं.

"तीनदा लिहा!"

"एकदाच लिहिता येतं, सर." आणि बटण दाबलं गेलं.

धाकटीनं श्वास रोखून पडद्याकडे पाहिलं. गल्ल्या तशाच होत्या. टिंबं तशीच. कात्री दार आपटून बाहेर गेले आणि लगेच परत आले, कारण ते दार कपाटाचं होतं. मग खऱ्या दारानं गेले.

ती व्हरांड्यात पोचते न पोचते तोच मागून चपलांचा आवाज आला. मॅडम धावत येत होत्या, डोळ्यांत पाणी.

"अगं, थांब! असा अन्याय मी होऊ देणार नाही. आत्ता प्राचार्यांकडे जाते. स्वतःच्या कुत्र्यापायी मुलीला शून्य? संध्याकाळच्या आत तुला पास करून आणते की नाही बघ!"

धाकटीनं त्यांचा हात दोन्ही हातांनी धरला. सोडला तर त्या गेल्याच असत्या. "मॅडम, तुमच्या पाया पडते. नका."

"वेडी आहेस का? शून्य म्हणजे काय चेष्टा आहे?"

"सहा तुकडे राहिलेत, मॅडम."

मॅडम थबकल्या. मघाशी ऐकलेलं सगळं त्यांच्या डोक्यात आता कुठं एकेक करून जागेवर बसत होतं. त्यांनी प्राचार्यांच्या दाराकडे पाहिलं, मग तिच्या लॅपटॉपकडे.

"समारंभ कितीला?"

"शुक्रवारी दहाला."

"मग अर्ज शुक्रवारी अकराला देते," मॅडम म्हणाल्या, आणि तिनं हात सोडताच पुढे म्हणाल्या, "पण एक मिनिटही उशीर करणार नाही हं, सांगून ठेवते. तुझ्या पोस्टमनला भाषण आवरतं घ्यायला सांग."

धाकटीनं मान हलवली. लॅपटॉप बंद करायची तिला हिंमतच होईना. तो तसाच उघडा, छातीशी धरून, ती एकेक पायरी मोजून पाय ठेवत जिना उतरायला लागली.