कोनफळांखाली लपलेला नगारा

मित्रांनो, आफ्रिकेतल्या असांते मुलखातल्या एका जंगलगावचा मी जुना नगारा आहे. वयाने आवाज घोगरा झाला आहे, पण बोलता येते याचेच मला मोठे समाधान वाटते.

त्वेनेबोआ झाडाच्या खोडातून मला कोरले आणि तोंडावर हत्तीच्या कानाचे कातडे ताणले. मी नुसता वाजत नसे. कोण जन्मले, कोण गेले, सभा कुठे भरणार, हे माझ्या बोलांवरून साऱ्या पंचक्रोशीला कळे. मात्र आमच्याकडे एक रीत होती. नगाऱ्याचा पहिला ठोका कानी पडला, की ज्या झाडाचा जीव घेतला त्याची माफी मागायची. लहान पोरांच्याही ते अंगवळणी पडले होते.

मग गोऱ्यांचे राज्य आले. आमचा राजा त्यांनी समुद्रापार नेला. नगाऱ्यांच्या बोलीत बंड शिजते, असे साहेबाच्या मनाने घेतले. शेजारच्या गावाचे नगारे त्याने चौकात जाळले. पुढे त्या गावात माणूस गेला, तरी आम्हाला पत्ता लागेना. आता माझी पाळी होती.

माझे वादक नाना न्यामेचे यांनी मला कोठारात कोनफळांच्या राशीखाली लपवले. वर मऊ गवतही घातले.

"मला नाही कधी एवढं जपलंत!" त्यांची बायको अफ्राकोमा म्हणाली.

"तुला गप्प बसवणं कुणाला जमलंय?" नाना म्हणाले.

एके सकाळी साहेब आलाच. बरोबर शिपाई आणि दुभाष्या दोंकोर. दोंकोर आमच्याच रक्ताचा, पण गाव त्याला 'साहेबाची जीभ' म्हणून हिणवी. शिपायाने राशीत बंदुकीचा दस्ता खुपसला. तो नेमका माझ्यावर बसला. धुम्म!

"माफ कर, झाडबाबा!" नानांच्या तोंडून निघून गेले. मी मनात म्हटले, संपले सारे! पण त्याच क्षणी, अगदी त्याच शब्दांत, दोंकोरही पुटपुटला होता.

दोघांची नजरानजर झाली. दोंकोरने चटकन साहेबाकडे पाहिले.

"आवाज कसला? आणि काय म्हणाला हा?" साहेब गरजला.

"खाली पाण्याचं रिकामं पिंप आहे, साहेब. कोनफळं चेचली म्हणून रडतोय तो."

"आणि तू काय बोललास?"

"त्याला म्हटलं, साहेबापुढे तोंड बंद ठेव."

साहेब खूश झाला आणि निघून गेला. नाना हसता हसता रडू लागले. मलाही सुटल्यासारखे झाले.

पुढे बऱ्याच वर्षांनी नगाऱ्यांवरची ती बंदी उठली. मला बाहेर काढले तेव्हा कातडे किड्यांनी खाल्ले होते. नानांनी नवे चढवले आणि सारे गाव जमले. म्हातारा दोंकोर मात्र दूर वाटेवरच उभा होता. त्याला कुणी या म्हणेना. नानांनी काठ्या उचलल्या आणि माझ्या तोंडून त्याला हाक मारली, "दोंकोर, गावच्या लेकरा, घरी ये." अफ्राकोमाने ताडीची वाटी भरून पुढे केली.

"ये रे बाबा, बैस," ती म्हणाली. "तुझ्या त्या जिभेनंच वाचवलं आम्हाला."

मित्रांनो, आम्हा जुन्यांना शोभेला मांडून ठेवू नका. अधूनमधून ऊन दाखवा, कातडे ताणा आणि वाजवा. माझ्या त्या हाकेने एक माणूस आयुष्यभराची वाट चालून घरी आला. मी मुका झालो असतो, तर त्याला हाक कुणी मारली असती?