सालीवरचा सांगावा

गुणाबाईंनी अंगठ्याचं नख कोंबाच्या बुडाशी रोवलं आणि कोंब मोडून घेतला. करंगळीएवढा हिरवा कोंब, त्यावर मोहरीसारख्या कळ्या नुकत्या कुठे दिसू लागलेल्या. तो त्यांनी मुठीत दडवला, मागच्या दारी जाऊन उकिरड्यात टाकला आणि वर पायाने केर लोटला. मग हात धुऊन स्वयंपाकघरातल्या सुनेला हाक मारली, "अंजने, दूध तापलं का गं?" आवाज नको तेवढा गोड निघाला. साठीला आलेली बाई; जन्मात कधी चोरी केली नव्हती, ती आता कशी साधावी?

कोंब ज्या सालीवरचा होता, ती साल न्हाणीच्या दगडाशेजारी खांबाला टांगलेली होती. दोन हात लांब, जाडजूड, ऐनाच्या झाडाची. अंजनीच्या बापाने ती लग्नात लेकीला दिली होती. केदारी आप्पा खानापूरकडच्या रानात लाकूडतोडीवर होते. मोठं झाड आडवं झालं की त्याच्या फांद्यांवर वाढणारी आमरीची, म्हणजे ऑर्किडची, रोपं जमिनीवर पडून वाळून जात, आणि केदारींना ते बघवत नसे. ते ती गोळा करून सालीवर काथ्याने बांधत आणि जगवत. लग्नानंतर साल निपाणीत आली तेव्हा गल्लीभर थट्टा झाली. लोक लेकीला तांब्या-परात देतात, ह्याने जळण दिलं! थट्टा करणाऱ्यांत गुणाबाईच पुढे होत्या, हेही सांगून टाकलेलं बरं.

नंतर त्याच गुणाबाईंनी मायेपोटी सालीवर शेणखत थापलं होतं. अंजनीने ते हलक्या बोटांनी निपटून काढलं.

"माती-खत लागत न्हाय ह्यांस्नी, आत्या. वारं आणि पाणी, बास."

"मग त्या सालीचं रगत पित्यात म्हण की. बांडगुळं मेली."

"न्हाय. नुसता टेका घेत्यात."

एका सालीवर आप्पांनी चार जाती बांधल्या होत्या, आणि त्या शोभेसाठी नव्हत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. कार्ड कोण लिहिणार आणि कोण वाचणार? म्हणून ही युक्ती. पहिलीला शिमग्याच्या सुमारास पानं झडून पांढरी फुलं येत. दुसरी सीतेची वेणी, ज्येष्ठात हातभर लोंबणारी. तिसरीला आषाढात गुलाबी तुरा येई. चौथी कुठली, हे गुणाबाईंनी कधी विचारलंच नाही. तशीच चार रोपं आप्पांनी आपल्या दारच्या फणसावर बांधली होती. "माझ्या दारात फुललं की तुझ्याबी दारात फुलंल. फूल बघ आणि बोचकं बांध. चार दिसांत मी न्यायला आलो म्हणून समज," असं ते लेकीला सांगून गेले होते. दोन वर्षं त्यांनी एकही फूल चुकवलं नाही. आधी आगगाडी, मग सर्व्हिस मोटार, मग पायी, असे धुळीने माखून ते दारात उभे राहत आणि पहिल्यांदा सालीकडे बघत, मग लेकीकडे. आई लहानपणीच गेलेली. अंजनीचं माहेर म्हणजे तेवढा एक बाप.

तो बाप वैशाखाच्या अखेरीला गेला. गुणाबाईंचा मुलगा भरमू तंबाखूच्या वखारीतून भर दुपारी घरी आला आणि पाय न धुताच ओट्यावर बसला. खानापूरकडचा एक गाडीवान वखारीत सांगून गेला होता. ओंडके घरंगळले, केदारी खाली सापडले. माती होऊनही आठवडा झाला होता. अंजनी शेजारी शेवया करायला गेली होती, एवढंच काय ते बरं.

अंजनीला पाचवा महिना होता. त्याआधी दोनदा तिची कूस रिकामी झाली होती, आणि दुसऱ्या वेळी तर सुईण यल्लव्वाने तिच्या जिवाचीच आशा सोडली होती. गुणाबाईंना स्वतःचं आठवलं. त्यांना सातवा असताना थोरला भाऊ गेल्याचं कुणीतरी अंगणातूनच ओरडून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी पोटचा जीव गेला. दुधाने पोळलेलं ते तोंड होतं, ताक फुंकणारच.

"बाळंत होऊस्तवर तोंड शिवून ठेव," त्यांनी भरमूला सांगितलं.

"मी ठेवीन. पण आई, फूल आलं की ती बोचकं बांधंल. मग काय करायचं?"

फुलाचं गुणाबाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तेव्हापासून रोज उजाडताना त्या सालीपाशी जाऊ लागल्या. वेणीचा कोंब दिसला की खुडायचा, गुलाबीचा दिसला की खुडायचा. मेलेल्या माणसाचा सांगावा आपण दारातच अडवतोय असं वाटे, आणि ते खोटं नव्हतं. ज्येष्ठ सरला तशी अंजनी सालीवर पाणी शिंपडताना म्हणाली, "औंदा वेणी न्हाय फुटली, आत्या."

"उन्हाळा लई कडक गेला गं. रुसली असंल."

"रुसत न्हाईत ती," अंजनी म्हणाली, आणि काथ्याची सैल झालेली गाठ तिने पुन्हा बांधली.

आषाढात सातवा भरला. आप्पा न्यायला कसे आले नाहीत, असं तिने भरमूला दोनदा विचारलं. घटप्रभेला पाणी चढलंय, मोटारी बंद आहेत, असं त्याने सांगितलं. पाणी खरंच चढलं होतं, त्यामुळे तेवढं तरी खोटं बोलावं लागलं नाही. गुणाबाई तिला मुगाचे लाडू करून घालत, तिचे पाय चेपत. "सासू सुनेचे पाय चेपतीया, कलियुग आलं," असं यल्लव्वा हसून म्हणाली, तेव्हा गुणाबाईंना हसता आलं नाही.

नागपंचमी आली आणि गेली. गल्लीतल्या लेकी माहेरी झोके घेऊन परतल्या. अंजनीने मात्र आप्पांचं नाव काढलं नाही. उलट पंचमीनंतर चार दिवसांनी तिने फडताळातली तंबाखूची पुडी काढून भरमूला दिली. आप्पांसाठी म्हणून तिने ती कधीची जपून ठेवली होती.

"बुरशी धरंल. तुमीच खावा," ती म्हणाली.

पोटुशी बाई, आता तिला बाळाशिवाय काय सुचणार? सुंठीवाचून खोकला गेला, असं म्हणत गुणाबाई त्या रात्री कितीतरी दिवसांनी गाढ झोपल्या.

त्यानंतरच्या बुधवारी त्या उजाडताना सालीपाशी गेल्या. वेणीला उशिराचा एक कोंब फुटलेला त्यांनी आदल्या दिवशी हेरून ठेवला होता. आज तो नव्हता. त्या जागी ओला, ताजा बुडखा होता. उंदराने खाल्ला म्हणावं तर दाताची खूण नव्हती. कुणीतरी नखाने सरळ मोडून घेतला होता.

"मीच खुडला, आत्या."

अंजनी मागे उभी होती. एक हात कमरेवर, दुसरा पदराला पुसत. अंगठ्याचं नख हिरवं झालं होतं.

"वाकलासा की तुमची कंबर धरती. रोज बघते मी."

अंजनी पुढे झाली आणि तिने टांगलेली साल हळूच फिरवली. मागच्या अंगाला शेवाळ होतं. गुणाबाईंनी ते एकदा खरवडून टाकायला घेतलं होतं. त्या शेवाळात मुगाएवढ्या हिरव्या गाठी होत्या, आणि गाठींवर तांदळाच्या कणीएवढी पांढरी फुलं. ती आता माना टाकत होती.

"ही पंचमीची. लई बारकी, ऊन सोसत न्हाय, म्हणून आप्पांनी मागच्या अंगाला बांधली. पंचमीच्या आदी चार दिस फुलली." ती थांबली. "आज तेरा दिस झालं. आप्पा फूल चुकवत न्हाईत."

"अंजने..."

"सांगू नगासा." तिने पोटावर हात ठेवला. "तुमी सांगितलं की मला रडाय लागंल. ह्यो हातापायानं धड भुईवर येऊ दे. मग समदं सांगा. कसं झालं, कुणी माती दिली, समदं."

अडीच महिने आपण हिला सांभाळतोय, असं गुणाबाई समजत होत्या. इतके दिवस कोण कुणाला सांभाळत होतं, देव जाणे.

त्या आत गेल्या. चुलीवर हंडा चढवला, पाणी कोमट झालं तसा उतरवून न्हाणीत आणला आणि दगडावर पाट टाकला.

"बस."

"आज न्हायचा वार न्हवं, आत्या."

"ठावं हाय मला. बस तू."

बाप गेल्याचं कळलं की लेकीने डोक्यावरून पाणी घ्यायचं असतं. ही रीत दोघींनाही ठाऊक होती. अंजनी पाटावर बसली. गुणाबाईंनी तिचा अंबाडा स्वतःच्या हाताने सोडला, केस पाठीवर मोकळे केले आणि पहिला तांब्या तिच्या डोक्यावर ओतला, मग दुसरा, मग तिसरा. पाणी कपाळावरून, डोळ्यांवरून, गालांवरून वाहत होतं. पाण्याखाली अंजनीचे खांदे हलायला लागले. गुणाबाईंनी तांब्या थांबू दिला नाही. शिंतोडे शेजारच्या सालीवर उडत होते.

हंडा तळाला आला. खांदे अजून हलतच होते.

"भरमू," गुणाबाईंनी घरात हाक मारली, "आणि एक हंडा कोमट करून आण रं. लवकर आण."