आईचं आख्यान कुणी कापलं

मायाप्पानं पडदा सोडून बाहुल्या गुंडाळायला घेतल्या, तरी सोजराबाई जागची हलली नाही. खेळ संपला? असा कसा संपला?

मृगाच्या आधी पाऊस मागायला चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ लावायची मंठाळ गावाची रीत होती. पांढऱ्या पडद्यामागून मायाप्पा बाहुल्या नाचवायचा आणि त्याची बायको सुभद्राबाई गायची. यंदा बाहुल्यांना नवे भडक रंग होते. राक्षसाचे डोळे गरागरा फिरत होते. आणि गोष्ट? राक्षसानं राजाची लेक पळवली, विदूषक ढेकर देऊन तीनदा आपटला, राजपुत्रानं राक्षस मारला, लागलं लग्न. पोरं खिदळली, मोठी माणसंही खिदळली. बडा घर पोकळ वासा, दुसरं काय!

लेक हरवल्यावर तिची आई रानोमाळ हिंडते, झाडाझाडाला विचारते, "माझी लेक दिसली का?" ते आख्यानच यंदा नव्हतं. सुभद्राबाई ते गायला लागली की बायका पदर डोळ्याला लावायच्या. सोजराबाई त्याच्यासाठी वर्षभर थांबायची. तिची शरणम्मा, कलबुर्ग्याच्या शरणबसप्पाला नवस करून झालेली, सहा वर्षांची होऊन पटकीत गेली. त्याला बारा वर्षं झाली. घरात रडायची सोय नव्हती. पोरीचा विषय निघाला की उद्धवराव पाटील भरल्या ताटावरून उठून गोठ्यात जात. नवऱ्याला पोरीचं सोयरसुतक नाही, हे तिनं कधीच ओळखून ठेवलं होतं. खेळात मात्र शंभर बायकांत एक रडली तर कोण विचारतंय? तेवढं एक हक्काचं रडणं होतं, तेही कुणी तरी लांबवलं.

कोण, हे तिला ठाऊक होतं. मागं कुण्या साहेबानं बाहुल्यांची किंमत विचारल्याचं तिच्या कानावर होतं. मायाप्पानं आई विकली! तिला रात्रभर डोळा लागला नाही, आणि तांबडं फुटताच ती त्याच्या पालावर जाऊन उभी राहिली.

"आईची बाहुली कुटाय?"

मायाप्पा गडबडला. "पाटलीणबाई, ती फाटली. फाटकी बाहुली आमी ठेवत न्हाई, नदीत सोडताव. गेल्या म्हयन्यात सोडली."

ही त्यांची रीत सोजराबाईला माहीत होती. म्हातारी झालेली बाहुली ते माणसासारखी हळदकुंकू वाहून पाण्याला देतात. पण चोराच्या मनात चांदणं असतं.

"कोनत्या नदीत?"

"आपल्याच की."

"शिमग्यापासून नदीत वंजळभर पानी न्हाई. वाळूत सोडलास व्हय रं आईला?"

मायाप्पा उगाच पालाची दोरी ताणायला लागला. सुभद्राबाईला ते बघवेना. तिनं मुकाट्यानं एक गाठोडं सोडलं. वर आईची बाहुली होती, तेल लावून मऊ ठेवलेली, कुठं चीरसुद्धा नव्हती.

"मंग कामून न्हाई दाखवलास?"

"पाटलांनीच सांगितलंय," सुभद्राबाई म्हणाली. "काल खेळाआदी सांजच्याला हितं आले, म्हन्ले, आईला भाईर काडू नगा. तुमाला सांगू नगा म्हन्ले."

सोजराबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. परक्या माणसावर आळ घेतला आणि चोर आपल्याच घरात जेवत होता! पोरीची आठवणसुद्धा ह्या माणसाला नको झाली. गावात बायकोच्या रडण्याची लाज वाटत असणार, दुसरं काय असणार?

उद्धवराव घरात चऱ्हाट वळत बसले होते.

"आईला तुमी काडायला लावलं?"

"व्हय."

"मी रडते म्हनून लाज वाटायलीय?"

त्यांनी मान वर केली नाही. "तू रडतीस त्याचं काय न्हाई. तुला पदर हाय."

"मंग?"

"मी गड्यांत म्होरं बसतो. आजवर मायाप्पाजवळ एरंडेलाचा दिवा व्हता, अंधारात भागून जायचं. औंदा बीदरहून गॅसबत्ती आनलाय. पार मागच्या मानसाचं तोंड दिसायलंय. गाव बगंल, पाटील रडायलाय."

सोजराबाईला खरं वाटेना. बारा वर्षं एकाच खेळाला दोघं गेली होती. ती बायकांत, हे गड्यांत. हे आता सारवासारव तर करत नाहीत? ती त्यांच्या तोंडाकडे रोखून बघत राहिली.

"कुनासाठी रडताव तुमी?"

चऱ्हाट वळणारे हात थांबले.

"शरणम्मासाठी. आनि कुनासाठी?"

पोर गेल्यापासून त्यांच्या तोंडून ते नाव तिनं ऐकलं नव्हतं. बाहेर गडी बैल सोडत होते. ती उठली, दार लोटून आतून कडी घातली आणि त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"हितं कुनी बगंना," ती म्हणाली. "रडा."