टाचणीच्या रक्तात काहीच नव्हते

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे, पण माझ्याकडे थंड पाणी मागू नका. मी प्राण्यांच्या दवाखान्यात, तपासणीच्या टेबलामागे उभा असे आणि माझ्या पोटात कुत्र्यामांजरांच्या लसी असत. स्वभावाने मी संशयी. ज्याचे दार दिवसातून वीस वेळा कुणीही उघडते, त्याने दुसरे काय व्हायचे?

कारखान्यातून निघताना मला एकच गोष्ट बजावण्यात आली होती. पारा दोन अंशांच्या खाली जाऊ द्यायचा नाही आणि आठच्या वर चढू द्यायचा नाही. उष्ण झाली तर लस मरते, आणि मेलेली लस दिसायला अगदी जिवंत लसीसारखीच असते. तिच्याकडे बघून कुणालाच काही कळत नाही.

सुरुवातीची वर्षे मोठ्या मानाची गेली. नवे गिऱ्हाईक आले की डॉक्टरबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "आमच्याकडच्या लसीची काळजीच करू नका." मी आतून फुलून जायचो, पण नजर सगळ्यांवर ठेवायचो. कंपाउंडरदादा आपला जेवणाचा डबा हळूच लसींच्या खोक्यांपुढे सरकवायचे, म्हणून त्यांच्यावर संशय. औषध कंपनीचा माणूस फार गोड बोलायचा, म्हणून त्याच्यावर दुप्पट. मांजरांबद्दल तर बोलायलाच नको.

आणि मग टेलरकाकूंवर संशय घ्यायची वेळ आली. काकू कपडे शिवायच्या. त्यांची टाचणी नावाची तपकिरी, काटकुळी कुत्री पिल्लू असल्यापासून माझ्याच पोटातल्या लसी टोचून घेत होती. त्या दिवशी काकूंनी तिला टेबलावर ठेवले, पण हात तिच्या पाठीवरून काढला नाही.

"डॉक्टर, दर वर्षी टोचायलाच हवं का हो? मागच्या वेळी घरी पोचेपर्यंत हिचं तोंड भोपळ्याएवढं सुजलं होतं. जीव टांगणीला लागला माझा."

"पिसाळण्याची लस ठरल्या वेळी द्यावीच लागते, पण हिची ती पुढच्या वर्षी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बाकीच्या मुख्य लसी लहानपणी नीट झाल्या असतील, तर तीन-तीन वर्षं पुरतात असं आता मानतात. हिला किती पुरल्यात ते रक्त तपासून बघता येईल."

"मग बघाच. पुरल्या असतील तर उगाच कशाला टोचायचं?"

काकूंचा प्रश्न रास्त आहे हे मला तेव्हाच कळायला हवे होते, पण मी उलटाच विचार केला. बाईला लस चुकवायची आहे, असे माझे ठाम मत झाले. शिवाय रक्त तपासणे म्हणजे माझ्यावर अविश्वास. मला फार राग आला.

आठ दिवसांनी कागद आला. डॉक्टरबाईंनी तो दोनदा वाचला. पार्व्हो आणि डिस्टेंपर या दोन्ही जीवघेण्या रोगांशी लढणारे टाचणीच्या रक्तात काहीच नव्हते.

"प्रयोगशाळेत नमुने बदलले असतील," डॉक्टरबाई म्हणाल्या. मलाही तेच वाटले. दुसऱ्या प्रयोगशाळेत रक्त पाठवले. तिथूनही तोच निकाल आला.

"काही कुत्र्यांना लस लागूच पडत नाही," त्या म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता. मी मात्र लगेच पटवून घेतले. दोष टाचणीचाच!

दुसरा निकाल ऐकायला काकू टाचणीला घेऊन आल्या होत्या, आणि त्याच सकाळी पार्व्होने आजारी पडलेले एक पिल्लू चादरीत गुंडाळून आणले होते. ज्या बाकावर ते पडले होते, तिथेच टाचणी नंतर हुंगत बसली होती. हे कळल्यावर काकूंचा चेहरा उतरला. दादा घाईने माझे दार उघडून बाटली काढू लागले.

"थांबा दादा," काकू म्हणाल्या. "इतक्या वेळा दिली, लागू पडली नाही. आताही इथलीच देणार?"

माझ्या दारावर एक वही लटकत असे. रोज सकाळ-संध्याकाळ माझे तापमान तिच्यात लिहायचे असा दवाखान्याचा नियम होता. काकूंनी ती काढून पाने उलटली.

"दादा, रोज चारच?"

"चारच असतं हो, काकू."

"एकाच माणसाच्या कमरेचं माप मी दोनदा घेतलं तरी बोटभर फरक पडतो. तुमचा फ्रीज दोन वर्षं चारावरून हललाच नाही?" त्यांनी एका तारखेवर बोट ठेवले. "या दिवशी तर पहाटेपासून रात्रीपर्यंत वीज नव्हती. माझं मशीन बंद होतं, मी दिवसभर हातानं बटणांची काजं केली. आणि इथे संध्याकाळी चार?"

दादांची मान खाली गेली. थर्मामीटर माझ्या पोटात अगदी आत, खोक्यांच्या मागे टांगलेला. तो बघायला डबा हलवा, मग खोकी हलवा. मग कोण बघतो? दादा न बघताच चार लिहीत.

काकूंनी पिशवीतून मापाची पट्टी काढली, माझ्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात धरून दार लावले आणि ओढली. पट्टी अलगद बाहेर आली.

"इलॅस्टिक गेलंय याचं," त्या म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी खोकी बाजूला करून थर्मामीटर काढला. पारा चौदावर होता.

मित्रांनो, मला ते ठाऊक होते. दाराच्या कडेचा रबर कडक झाल्यापासून उन्हाळाभर गरम हवा आत यायची. मी धापा टाकत गारवा धरायचो आणि गप्प बसायचो. मान जाईल अशी भीती वाटत होती.

दुसऱ्या दवाखान्यातून बर्फाच्या डब्यात लस आली. आधी सूज न येण्याचे औषध देऊन मग टाचणीला टोचले आणि तासभर समोर बसवून ठेवले. तिचा ओठ थोडा सुजला आणि उतरला. पुढचे दहा दिवस काकू रोज तिच्या शीत रक्त दिसतंय का ते बघत होत्या. टाचणी वाचली. महिन्याने रक्त पुन्हा तपासले, तेव्हा त्यात संरक्षण भरपूर होते. "पिसाळण्याची तेवढी ठरल्या वेळी, बाकी आता तीन वर्षं टोचायचं नाही, मग रक्तच बघू," डॉक्टरबाई म्हणाल्या.

पण माझ्या पोटातली लस एकट्या टाचणीला गेली नव्हती. दादांनी लस दिलेल्यांची नोंदवही घेतली आणि माझ्याशेजारी बसून एकेका घरी फोन लावला. "पुन्हा आणा, चूक आमची आहे," असे ते प्रत्येकाला सांगत होते. एका घरी बाईंनी फोन उचलला.

"अहो, आमचा कुत्रा गेला. दीड महिना झाला. रक्ताचे जुलाब लागले होते. लस तर वेळेवर दिलेली, म्हणून आम्हाला वाटलं आमच्याच खाण्यापिण्यात काही चुकलं. आमची धाकटी मुलगी अजून म्हणते, मीच त्याला काहीतरी दिलं असेल."

दादांनी हातातली वही खाली ठेवली. मग म्हणाले, "ताई, धाकटीला फोन देता? मला तिला सांगायचंय."

आज मी अडगळीच्या खोलीत बंद पडून आहे. मी सगळ्या जगावर संशय घेतला आणि एका मुलीने दीड महिना स्वतःवर घेतला. मित्रांनो, तुमच्या कुत्र्यामांजराला टोचण्याआधी विचारा, ही लस खरंच आता हवी का, आणि थर्मामीटर किती दाखवतो? दाखवल्याशिवाय उठू नका. फ्रीजला राग येईल. खुशाल येऊ द्या.